शौचकूप, दुर्गंधी आणि वायुवीजन : एक ऐतिहासिक अभ्यास
(विशेष संदर्भ : उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर)

प्रस्तावना

मानवी वसाहतीच्या इतिहासात राजवाडे, किल्ले, मंदिरे आणि बाजारपेठा यांचा अभ्यास विपुल प्रमाणात झाला आहे. त्या तुलनेत घरातील सर्वांत लहान व सर्वांत दुर्लक्षित खोलीकडे, म्हणजे शौचकूपाकडे, इतिहासकारांचे लक्ष फारसे गेलेले नाही. वास्तविक पाहता एखाद्या समाजाची शुचितेची कल्पना, श्रमविभागणी, जातिव्यवस्था, पाण्याची उपलब्धता आणि तंत्रज्ञान या सर्व बाबी या खोलीत एकत्र येतात. या खोलीतील दुर्गंधी बाहेर कशी घालवावी, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. परंतु ही दुर्गंधी बाहेर घालवली म्हणजे नेमकी कोठे जाते आणि कोणाच्या वाट्याला येते, असा पुढचा प्रश्न विचारला की त्यातून सामाजिक इतिहासाचे एक महत्त्वाचे प्रकरण उलगडू लागते.

मराठीत 'वास' या एकाच शब्दाने निवास आणि गंध असे दोन्ही अर्थ व्यक्त होतात. माणूस जेथे वास करतो तेथे वास निर्माण होणारच. तो दूर करण्यासाठी झरोका, धुराड्यासारखी वायुनलिका, पाण्याचा अटकाव असलेला सापळा, विजेचा पंखा आणि अलीकडे थेट भांड्यातूनच हवा ओढून घेणारी उपकरणे अशी साधने क्रमाक्रमाने विकसित झाली. सदर शोधनिबंधात या साधनांचा इतिहास महाराष्ट्राच्या, विशेषतः मराठवाड्याच्या संदर्भात मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

1. शौचकूपातील दुर्गंधीविषयीच्या कल्पनांमध्ये झालेल्या बदलांचा आढावा घेणे.
2. वायुवीजनाच्या साधनांचा विकास व त्यामागील तत्त्वे स्पष्ट करणे.
3. उस्मानपुरा परिसराच्या संदर्भात या साधनांच्या उपयुक्ततेचा व मर्यादांचा विचार करणे.
4. दुर्गंधीचे निवारण आणि सफाई कामगारांचे जीवन यांतील संबंध तपासणे.

अभ्यासपद्धती

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. कायदे, समित्या, बांधकामविषयक मानके व नगरविकासाचा इतिहास यांतून मिळणारी माहिती ही या अभ्यासाची मुख्य सामग्री असून उस्मानपुरा परिसरातील इमारतींच्या बाह्य निरीक्षणाचा तिला आधार दिला आहे.

पाण्याचे शहर आणि हवेची वाट

मलिक अंबरने 1610 मध्ये खडकी येथे राजधानी वसवली आणि शहराला पाणी पुरवण्यासाठी नहरींची योजना आखली. पुढे 1653 मध्ये औरंगजेबाच्या सुभेदारीत या नगराला औरंगाबाद हे नाव मिळाले, 1682 च्या सुमारास तटबंदी उभी राहिली आणि 2023 मध्ये शहराचे नामांतर छत्रपती संभाजीनगर असे झाले. नहर-ए-अंबरीच्या भूमिगत मार्गात ठिकठिकाणी मनोरे बांधलेले होते. नळात कोंडलेली हवा बाहेर पडावी आणि पाण्याचा दाब नियंत्रित राहावा, हा त्यांचा हेतू होता. दौलताबादच्या किल्ल्यातील शाही हमामातही टाक्या, पन्हाळी आणि खापरी नळ यांच्या जोडीला हवेसाठी झरोके ठेवलेले आढळतात. यावरून बंदिस्त जागेतील पाणी आणि हवा यांचा एकत्रित विचार या भूमीतील कारागिरांना अपरिचित नव्हता, असे म्हणता येईल.

मात्र हे ज्ञान स्नानगृहापर्यंत पोहोचले, पायखान्यापर्यंत पोहोचले नाही. जुन्या वाड्यांतून आणि हवेल्यांतून पायखाना मुख्य वास्तूपासून दूर, परसदारी किंवा मागच्या भिंतीला लागून असे. त्याला मागील बाजूने एक लहान दार असे. त्या दारातून टोपली किंवा डबा ओढून मैला बाहेर काढला जाई. घरातील माणसांच्या दृष्टीने अंतर हेच वायुवीजन होते आणि उरलेला भार वाहणारा माणूस हेच दुर्गंधी-निवारणाचे साधन होते. घराला पुढचे दार आणि मागचे दार अशी दोन दारे होती. समाजालाही तशीच दोन दारे होती.

दुर्गंधी म्हणजेच रोग : एकोणिसाव्या शतकातील धारणा

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत युरोपात दूषित हवेमुळे रोग होतात, असा दृढ समज होता. 'मलेरिया' हा शब्दच मुळात 'वाईट हवा' या अर्थाच्या इटालियन शब्दांपासून आला आहे. इंग्लंडमधील आरोग्यसुधारक एडविन चॅडविक यांनी 1846 मध्ये दुर्गंधी आणि रोग यांचे समीकरणच मांडले होते. 1858 च्या उन्हाळ्यात थेम्स नदीच्या दुर्गंधीने लंडनचे जनजीवन आणि संसदेचे कामकाज विस्कळीत झाले. त्यानंतर अभियंता जोसेफ बॅझलजेट यांच्या भूमिगत गटार योजनेला गती मिळाली. रॉबर्ट कॉख यांनी 1883-84 मध्ये कॉलऱ्याच्या जंतूचा शोध लावल्यानंतर हवेऐवजी दूषित पाण्याकडे लक्ष वळले. कारणमीमांसा चुकीची असूनही तीतून पुष्कळसे योग्य काम घडून आले, ही या कालखंडातील लक्षणीय बाब होय.

मुंबईत या विचाराचा प्रभाव प्रकर्षाने दिसतो. सप्टेंबर 1896 मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवी भागात प्लेगचे निदान केले. त्यानंतरच्या मोहिमेत अंधाऱ्या खोल्यांत ऊन व वारा यावा म्हणून घरांची कौले उतरवण्यात आली, भिंतींना भोके पाडण्यात आली. 1898 मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे रस्ते आखताना समुद्राकडील वारा दाट वस्तीत शिरावा हा हेतू डोळ्यांपुढे ठेवला होता. दोन इमारतींमध्ये किती मोकळी जागा असावी हे ठरवण्यासाठी साडेत्रेसष्ट अंशांच्या प्रकाशकोनाचा नियमही या ट्रस्टने वापरला.

परंतु याच मुंबईत दोन चाळींच्या मध्ये एक अरुंद बोळ असे. ती हलालखोरांच्या ये-जा करण्याची गल्ली होती. टोपलीच्या संडासांची तोंडे आणि मोऱ्यांचे पाणी याच गल्लीत येई. समुद्राचा वारा हमरस्त्यावर आणण्यासाठी एवढा खटाटोप झाला, परंतु ज्या गल्लीत दिवसभर माणसे काम करीत होती तिचे वायुवीजन हा नगररचनेचा मुख्य विषय झाला नाही.

पाण्याचा सापळा आणि हवेची नळी

शौचकूपातील दुर्गंधी रोखण्याच्या तंत्रात खरी क्रांती पंख्याने केली नाही, ती वाकड्या नळीने केली. अलेक्झांडर कमिंग यांनी 1775 मध्ये इंग्लंडमध्ये इंग्रजी एस अक्षराच्या आकाराची नळी असलेल्या शौचकूपाचे एकस्व मिळवले. या वळणात थोडे पाणी साचून राहते आणि गटारातील वायू खोलीत येण्याची वाट बंद होते. हाच जलबंध होय. त्याची खोली साधारणपणे 50 मिलिमीटर ठेवली जाते. आपल्याकडे न्हाणीच्या कोपऱ्यात बसवल्या जाणाऱ्या सापळ्याला 'नहाणी ट्रॅप' असे म्हणतात. अभियांत्रिकीच्या इंग्रजी क्रमिक पुस्तकांतही हाच शब्द रूढ आहे. देशी बोलीतील न्हाणीघर अशा रीतीने तंत्रविद्येच्या परिभाषेत जाऊन बसले.

जलबंधाला जोड लागते ती वायुनलिकेची. वरच्या मजल्यावरून एकदम पाणी सोडले की उभ्या नळात पोकळी निर्माण होते आणि खालच्या मजल्यावरील सापळ्यातील पाणी ओढले जाते. ते टाळण्यासाठी नळाला हवा पुरवणारी स्वतंत्र नळी छपराच्या वर नेली जाते. मैलाटाकीलाही अशीच नळी आवश्यक असते. बोलीभाषेत तिला 'गॅस पाइप' म्हणतात. भारतीय मानकानुसार ही नळी किमान 50 मिलिमीटर व्यासाची असावी, तिच्या तोंडाला डास प्रतिबंधक जाळी असावी आणि टाकीपासून 15 मीटरच्या आत इमारत असल्यास तिचे टोक इमारतीच्या माथ्यापासून 2 मीटर उंच न्यावे, अशी अपेक्षा आहे. यामागील तत्त्व सोपे आहे. उन्हाने तापलेल्या नळीतील हवा हलकी होऊन वर चढते आणि माथ्यावरून वाहणारा वारा तिला बाहेर खेचतो. विजेचा एक कणही न वापरता हे काम अहोरात्र चालते.

याच तत्त्वावर 1970 च्या दशकाच्या आरंभी आजच्या झिम्बाब्वेतील ब्लेअर संशोधन प्रयोगशाळेत पीटर मॉर्गन यांनी हवेशीर खड्ड्याचा संडास विकसित केला. खड्ड्यातून निघणाऱ्या उंच नळीच्या तोंडाला त्यांनी जाळी बसवली. वायू नळीवाटे वर जातो, तर आत जन्मलेल्या माश्या उजेडाकडे झेपावून जाळीत अडकतात. आतील खोली मात्र किंचित अंधारी ठेवावी लागते. पाणी नसलेल्या प्रदेशासाठी हे साधन मोलाचे ठरले.

महाराष्ट्रातील वेगळी वाट : माती, खत आणि इंधन

दुर्गंधी दूर उडवून लावण्याऐवजी ती निर्माणच होऊ नये, असा विचार करणारी परंपराही अस्तित्वात होती. इंग्लंडमधील धर्मोपदेशक हेन्री मूल यांनी 1860 मध्ये कोरड्या मातीच्या शौचकूपाचे एकस्व घेतले. मैल्यावर लगेच कोरडी माती टाकली असता वास दबतो आणि खत तयार होते, असे त्यांनी दाखवले. भारतातील तुरुंगांतून ही पद्धत मोठ्या प्रमाणात वापरली गेली.

या विचाराला महाराष्ट्रात नैतिक अधिष्ठान दिले ते अप्पासाहेब पटवर्धन यांनी. रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचे काम स्वतः करू द्यावे या मागणीसाठी त्यांनी 1932 मध्ये उपोषण केले. त्यांना पाठिंबा म्हणून महात्मा गांधींनीही येरवड्यात अन्नत्याग केला होता. पुढे कणकवली येथील गोपुरी आश्रमात अप्पांनी आळीपाळीने वापरायच्या दोन कप्प्यांचा खतसंडास प्रचारात आणला. मैला माती व पालापाचोळ्याखाली झाकला गेल्याने तो कोणाच्याही डोक्यावरून वाहून नेण्याची गरज उरत नव्हती. देहू येथे वैद्यकीय अधिकारी म्हणून काम केलेले डॉ. एस. व्ही. मापुसकर यांनी याच परंपरेत पुढचे पाऊल टाकले. मैल्यापासून निर्माण होणारा वायू हवेत सोडून देण्याऐवजी तो साठवून चुलीसाठी वापरावा, या विचारातून त्यांनी 'मलप्रभा' हे जैववायू संयंत्र विकसित केले. 2017 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली. वायुनलिका दुर्गंधीला वाट करून देते, तर खतसंडास आणि जैववायू संयंत्र तिचे रूपांतर करतात. हा भेद तांत्रिक आहेच, परंतु तो सामाजिकही आहे, कारण रूपांतर झालेल्या दुर्गंधीचा भार दुसऱ्यावर पडत नाही.

मराठवाड्याची विशेष परिस्थिती

मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. 1908 च्या मुसी नदीच्या महापुरानंतर हैदराबाद शहरासाठी सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या मार्गदर्शनाखाली पूरनियंत्रण व भूमिगत गटारांच्या योजना आखल्या गेल्या. तथापि त्या राजधानीसाठी होत्या. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने 1949 मध्ये सफाई कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी बर्वे समिती नेमली आणि तिचा अहवाल 1952 मध्ये आला. त्या वेळी मराठवाडा मुंबई राज्याचा भाग नव्हता, तो 1956 मध्ये त्यात समाविष्ट झाला. त्यामुळे महाराष्ट्रातील सफाईच्या इतिहासाची साधने म्हणून ज्या अहवालांचा उल्लेख केला जातो, त्यांतून या प्रदेशातील पायखान्यांचे आणि ते साफ करणाऱ्यांचे चित्र मिळत नाही. मराठवाड्याच्या सामाजिक इतिहासलेखनातील ही एक पोकळी असून स्थानिक अभ्यासकांनी ती मौखिक साधनांच्या आधारे भरून काढणे आवश्यक आहे.

उस्मानपुरा : बदलत्या घरांचा परिसर

जुने शहर आणि रेल्वे स्थानक यांच्या दरम्यान असलेला उस्मानपुरा हा परिसर शहराच्या दक्षिणेकडील विस्ताराचा साक्षीदार आहे. 1900 मध्ये मनमाड-हैदराबाद लोहमार्ग सुरू झाल्यानंतर स्टेशन रस्त्याचे महत्त्व वाढले. 1960 मध्ये स्थापन झालेले शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, शासकीय तंत्रनिकेतन आणि संत एकनाथ रंगमंदिर यांमुळे या भागाला शैक्षणिक व सांस्कृतिक चेहरा लाभला. 1972 पासून सिडकोच्या वसाहती उभ्या राहू लागल्या, उद्योग आले, 1982 मध्ये महानगरपालिका स्थापन झाली आणि बैठ्या घरांची जागा बहुमजली सदनिकांनी घेण्यास आरंभ झाला.

या स्थित्यंतरात शौचकूपाने केलेला प्रवास उद्बोधक आहे. परसदारी असलेला संडास प्रथम घराच्या कोपऱ्यात आला, नंतर शयनगृहाला जोडला गेला. अंतराचे संरक्षण संपले आणि दुर्गंधी-निवारणाची संपूर्ण जबाबदारी उपकरणांवर येऊन पडली. राष्ट्रीय इमारत संहिता 1970 मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार स्नानगृह किंवा शौचकूपाला बाहेरच्या हवेत उघडणारी खिडकी वा झरोका अपेक्षित आहे. तो वायुकूपात, म्हणजे रूढ भाषेत डक्टमध्ये, उघडत असेल तर त्या कूपाचे क्षेत्र इमारतीच्या उंचीनुसार वाढत जाते. 10 मीटर उंचीसाठी ते 1.2 चौरस मीटर, तर 18 मीटर उंचीसाठी 4 चौरस मीटर असावे लागते. प्रत्यक्षात या परिसरातीलच नव्हे, तर कोणत्याही दाट वस्तीतील इमारतींकडे मागच्या बाजूने पाहिले असता डक्टमध्ये नळांचे जाळे, अडगळ आणि पत्र्याची आच्छादने यांनी हवेची वाट अडवलेली दिसते. काचेच्या पट्ट्यांची तावदाने काढून तेथे निष्कासक पंखा बसवला जातो. त्याने सोडलेली हवा डक्टमधून वरच्या मजल्याच्या उघड्या झरोक्यात शिरते. वरचा शेजारी मग स्वतःचा पंखा बसवतो.

निष्कासक पंख्याच्या संदर्भात आणखी एक बाब विचारात घेणे क्रमप्राप्त आहे. पंखा जेवढी हवा बाहेर टाकतो तेवढीच हवा त्याला आत घ्यावी लागते. दाराखाली फट नसेल तर खोलीतील दाब कमी होतो आणि हवा मिळेल त्या वाटेने आत येते. नहाणी ट्रॅपमधील पाणी सुकलेले असेल तर ती वाट गटाराची असते. दुर्गंधी घालवण्यासाठी लावलेला पंखाच अशा वेळी दुर्गंधी ओढून आणतो. छत्रपती संभाजीनगरच्या संदर्भात ही केवळ सैद्धांतिक शक्यता नव्हे. पैठणजवळच्या जायकवाडी जलाशयावर अवलंबून असलेल्या या शहराने अनेक वर्षे काही दिवसांआड येणाऱ्या पाण्यावर गुजराण केली आहे. पाणी जपून वापरणाऱ्या घरात क्वचित वापरातल्या न्हाणीतील सापळा मार्च-एप्रिलच्या उन्हाळ्यात सहज कोरडा पडतो. अशा घरात महागड्या पंख्यापेक्षा आठवड्यातून एकदा सापळ्यात ओतलेले तांब्याभर पाणी अधिक परिणामकारक ठरते.

थेट शौचपात्रातूनच हवा ओढणारी, बैठकीच्या कडेला बसवायची उपकरणे हा या मालिकेतील अलीकडचा टप्पा होय. संपूर्ण खोलीची हवा बदलण्याऐवजी दुर्गंधीच्या उगमापाशीच ती पकडावी, हे त्यांचे तत्त्व शास्त्रीयदृष्ट्या योग्य आहे. त्यात हवा कमी हलवावी लागते, वीजही कमी लागते. परंतु त्यांची नळी डक्टमध्येच सोडली तर मूळ प्रश्न जागच्या जागी राहतो.

दुर्गंधी कोणाच्या वाट्याला?

शौचकूपातील वासाला अमोनिया, स्कॅटोल, इंडोल यांसारखी अनेक द्रव्ये कारणीभूत असतात. त्यांपैकी हायड्रोजन सल्फाइड हा वायू सर्वाधिक घातक आहे. अत्यल्प प्रमाणात तो नाकाला तत्काळ जाणवतो. हवेतील त्याचे प्रमाण दहा लाख भागांत सुमारे 100 भागांपर्यंत वाढले की घ्राणशक्ती बधिर होते, आणि त्याहून कित्येक पटींनी वाढले की मृत्यू ओढवतो. म्हणजे घरात वास येणे हा त्रास आहे, परंतु मैलाटाकीत उतरलेल्या माणसाला वास येईनासा होणे हे मृत्यूचे चिन्ह आहे.

1993 च्या कायद्याने हाताने मैला उचलण्यास व कोरड्या संडासांच्या बांधकामास बंदी घातली. 2013 च्या कायद्याने संरक्षक साधनांविना गटारे व मैलाटाक्या साफ करून घेणेही दंडनीय ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने 27 मार्च 2014 रोजी अशा मृत्यूंसाठी 10 लाख रुपयांची भरपाई निश्चित केली आणि ऑक्टोबर 2023 मध्ये ती 30 लाखांपर्यंत वाढवली. भरपाईची रक्कम वाढवावी लागते, याचाच अर्थ मृत्यू थांबलेले नाहीत. सदनिकाधारक आपल्या न्हाणीघरासाठी पंख्याची पारख करून निवड करतो, परंतु इमारतीच्या मैलाटाकीची वायुनलिका जागेवर आहे काय, तिचे तोंड बुजले आहे काय, हे पाहण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. परसदारचे लहान दार बुजले, पण ते टाकीच्या झाकणाच्या रूपाने पुन्हा उघडले आहे.

निष्कर्ष

1. दुर्गंधी म्हणजे रोग ही धारणा शास्त्रीयदृष्ट्या चुकीची ठरली, तरी तिच्यामुळे नगररचनेत हवा व उजेड यांना स्थान मिळाले.
2. दुर्गंधी रोखण्यात जलबंध आणि उंच वायुनलिका ही विजेविना चालणारी साधने मूलभूत असून पंखा हे त्यांना पूरक साधन आहे, पर्याय नव्हे.
3. पाणीटंचाईच्या प्रदेशात जलबंध टिकवणे हा वायुवीजनाचाच एक भाग मानला पाहिजे.
4. वायुवीजनाची बहुतेक साधने दुर्गंधी नष्ट करीत नाहीत, ती तिचे स्थलांतर करतात. महाराष्ट्रातील खतसंडास व जैववायू यांच्या प्रयोगांनी तिचे रूपांतर करण्याचा मार्ग दाखवला आहे.
5. मैलाटाकीची वायुनलिका सुस्थितीत ठेवणे आणि टाकीत माणूस न उतरवता यंत्राने सफाई करणे ही इमारतीतील रहिवाशांची सामूहिक जबाबदारी होय.

समारोप

उस्मानपुऱ्यातील एखाद्या इमारतीच्या गच्चीवर उभे राहिले असता टाक्या आणि तारांच्या गर्दीत जाळीदार टोपी घातलेल्या काही नळ्या दिसतात. त्यांच्याकडे कोणी पाहत नाही, परंतु शतकभराचा विचार त्यांत सामावलेला आहे. काही इमारतींवर त्या नसतात, काहींवर त्या मध्येच तुटलेल्या असतात. एखाद्या इमारतीची स्वच्छता तिच्या न्हाणीघरातील सुगंधावरून ठरवण्याऐवजी गच्चीवरील त्या नळीवरून आणि तळाच्या झाकणावरून ठरवण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे. त्याचा आरंभ आपल्या महाविद्यालयांच्या आवारातील प्रसाधनगृहांपासून झाला तर ते अधिक उचित ठरेल.